टीपीएसला मराठीत ‘तात्पुरता आश्रय’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेच्या टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटसला, म्हणजे टीपीएसला, बातम्यांत कुणी ‘तात्पुरता आश्रय’ लिहितं तर कुणी सरळ ‘निर्वासित दर्जा’, यातलं बरोबर कुठलं. माझ्या मते दोन्ही नकोत, दुसरं तर अजिबातच नको.

निर्वासित म्हटलं की आपल्याकडे फाळणीनंतर आलेले सिंधी आठवतात, कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले, तिचंच पुढे उल्हासनगर झालं, ती माणसं कायमची आली होती. टीपीएसवाला अमेरिकेत आधीच असतो आणि मागे त्याच्या देशात युद्ध, भूकंप असलं काही होतं की परत पाठवणं धोक्याचं, म्हणून तेवढ्या मुदतीपुरतं त्याला तिथेच राहू आणि काम करू देतात. आश्रय मागणाऱ्याला माझा छळ होईल हे स्वतःपुरतं सिद्ध करावं लागतं, इथे सरकार अख्ख्या देशाचंच नाव जाहीर करतं.

नेपाळचं घ्या. एप्रिल २०१५ ला भूकंप, जूनमध्ये नाव जाहीर, आणि २४ जूनपासून जो अमेरिकेत राहत होता त्यालाच ते लागू झालं. समजा न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये एका खोलीत दोन नेपाळी भाऊ राहतात, एक मे महिन्यात आलेला, दुसरा जुलैत, तर गावचं घर दोघांचंही पडलं पण वर्क परमिट पहिल्यालाच.

तेव्हा ‘संरक्षण’ हवंच. ‘तात्पुरतं संरक्षण’ चालेल, पण मला ‘मुदतीचं संरक्षण’ जास्त पटतं, कारण १९९० च्या कायद्यात एका वेळी ६ ते १८ महिनेच देता येतात आणि मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी सरकारला परत आढावा घ्यावा लागतो. एल साल्वादोरच्या लोकांना २००१ च्या भूकंपांनंतर मिळालं ते वाढत वाढत वीस वर्षांच्या वर गेलं, अमेरिकेत जन्मलेली पोरं कॉलेजात गेली तरी आईबापाच्या हातात दीड वर्षाचाच कागद, आणि नुसत्या त्याच्या जोरावर ग्रीन कार्ड मिळत नाही. याला तात्पुरतं म्हणायला जीभच रेटत नाही.

अजून एक, ‘रद्द’ हा शब्द जपून वापरा. २०१८ ला आणि परत २०२५ ला नेपाळचं टीपीएस संपवायचं जाहीर झालं तेव्हा त्या माणसांनी काही गुन्हा केला नव्हता, तिथे ‘मुदत वाढवली नाही’ असंच लिहावं. एखाद्याने खोटी माहिती दिली म्हणून त्याचं एकट्याचं काढून घेतलं तर खुशाल ‘रद्द’ म्हणा. आणि मुदत संपली की माणूस लगेच बेकायदा होतो असंही नाही, दुसरा व्हिसा चालू असेल तर तो त्यावर राहू शकतो.