‘आजही करीच का?’

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून नोकरीनिमित्त तीन वर्षांपासून टोकियोतील निशि-कासाई भागात राहतो. कार्यालयातील जपानी सहकारी अतिशय सौजन्याने वागतात. परंतु दुपारी डबा उघडला, की ‘आजही करीच का?’ हा प्रश्न ठरलेला असतो. डब्यात पिठले असो, मटकीची उसळ असो वा भरली वांगी, त्यांच्या लेखी ती करीच. मी घरी रोज नान भाजतो, मला कितीही तिखट चालते (प्रत्यक्षात मला आम्लपित्ताचा त्रास आहे) आणि नात्तो (आंबवलेले सोयाबीन) मला खाताच येणार नाही, असे त्यांनी धरूनच चालले आहे. मी शाकाहारी आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण अधूनमधून बिअर घेतो हे कोणी विचारलेच नाही. त्यामुळे संध्याकाळच्या बैठकीत माझ्यापुढे न मागता संत्र्याचा रस येतो. राग येत नाही, कंटाळा मात्र येतो. अशा वेळी काय उत्तर द्यावे?
— एक वाचक, टोकियो

उत्तर : तुमच्या सहकाऱ्यांच्या तोंडी ‘करी’ हा शब्द येतो, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर भारत क्वचितच असतो, हे आधी लक्षात घ्यावे. करी जपानमध्ये पोहोचली ती मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ब्रिटिशांच्या मार्फत आणि ‘पाश्चात्त्य पदार्थ’ म्हणून. तिची कृती 1872 च्या जपानी पाकपुस्तकांत सापडते. पुढे नौदलाने तिला आपलेसे केले, 1908 च्या नौदलाच्या पाकपुस्तकात तिला जागा मिळाली आणि सागरी स्वसंरक्षण दलाच्या (म्हणजे आजच्या जपानी नौदलाच्या) जहाजांवर शुक्रवारी करी करण्याची प्रथा आजही आहे. 1963 मध्ये सफरचंद आणि मध घातलेली ‘व्हर्मांट करी’ बाजारात आली आणि मुलांनाही चालेल अशी गोडसर, दाट करी घरोघरी शिजू लागली. म्हणजे तुमचा सहकारी प्रश्न विचारतो तो आपल्या आईच्या हातच्या, शाळेच्या जेवणातल्या पदार्थाविषयी, आणि तुम्ही त्या पदार्थाच्या माहेरचे आहात असे समजून. पिठल्याचा आणि त्या करीचा संबंध रंगापुरताच आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

जपानमध्ये हा फरक दाखवून देण्याचा पहिला ठळक प्रयत्न एका भारतीयानेच केला. ब्रिटिशांना हुलकावणी देऊन 1915 मध्ये जपानला पोहोचलेल्या क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना टोकियोतील शिंजुकू येथील नाकामुराया या बेकरीच्या मालक कुटुंबाने आश्रय दिला. त्याच घरातील मुलीशी त्यांचा विवाह झाला आणि 1927 मध्ये त्या दुकानाच्या उपाहारगृहात ‘शुद्ध भारतीय पद्धतीची करी’ मिळू लागली. हाडासकट कोंबडीचे तुकडे घातलेली ती करी तिथे आजही मिळते. तुम्ही शाकाहारी असल्याने तिची शिफारस करता येत नाही. पण तिची गोष्ट सहकाऱ्यांना अवश्य सांगा, कारण करी हा विषय जपानी माणसाला मनापासून प्रिय असतो आणि त्यावरील गप्पा लवकर संपत नाहीत.

नानचे कारण आणखी सोपे आहे. जपानमधील पुष्कळशी ‘भारतीय’ उपाहारगृहे नेपाळी मंडळी चालवतात आणि ताटाबाहेर लोंबणारा, किंचित गोड नान ही त्यांची ओळख झाली आहे. साताऱ्यातील घरात तंदूर नसतो, भाकरी तव्यावर होते, हे त्या ताटावरून कोणाला कसे कळावे?

नात्तोबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. आंबवलेल्या सोयाबीनचे ते चिकट, तार सुटणारे दाणे पूर्व जपानात, विशेषतः मितो शहराच्या परिसरात, आवडीने खाल्ले जातात. परंतु ओसाकाकडील अनेकांना ते मुळीच रुचत नाहीत. ‘तुम्हांला नात्तो खाता येतो का?’ हा प्रश्न म्हणूनच केवळ परदेशी माणसाच्या वाट्याला येत नाही. टोकियोत नव्याने आलेल्या ओसाकाकरालाही तो चुकत नाही. तो बऱ्याच वेळा आपल्याकडील ‘जेवण झाले का?’ याच्याच जातीचा असतो, आणि त्याला तेवढेच हलके उत्तर पुरे होते.

योकोहामातील माझ्या नऊ वर्षांच्या वास्तव्यातील एक प्रसंग सांगते. शेजारच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात मला विचारले, की तुम्ही सकाळी पान खाता का. मी काहीशा ताठ्याने सांगितले, की आमच्याकडे पान सकाळी कोणी खात नाही, सणासुदीच्या जेवणानंतरच खातात. आजी बराच वेळ विचारात पडल्या. जपानीत ‘पान’ म्हणजे पाव, हे मला संध्याकाळी पतीकडून कळले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितले, की तुमचा ‘पान’ आणि आमचा ‘पाव’ एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले आहेत. तेव्हापासून आजींनी मला करीविषयी काही विचारले नाही. वडापावविषयी मात्र नेहमी विचारत.

तेव्हा डब्याविषयीच्या प्रश्नाला ‘ही करी नव्हे’ असे नकारार्थी उत्तर न देता पदार्थाचे नाव सांगावे आणि चमचाभर वाढावा. ‘हे पिठले, बेसनाचे’ एवढे पुरते. दोन-तीन महिन्यांत ‘आज पित्सुरे आहे का?’ असे कोणीतरी विचारील. उच्चार सुधारण्याच्या भानगडीत पडू नये.

संध्याकाळच्या बैठकीचे प्रकरण मात्र मी वेगळे मानते. तिथे तुम्हांला कोणी विचारत नाही, परस्पर ठरवून टाकतात. तुमच्या बाबतीत भारतीय म्हणून रस येतो; माझ्या पतीच्या बाबतीत नेमके उलटे घडले. मद्यापासून शरीरात तयार होणारे अॅसिटाल्डिहाइड मोडणारे विकर (एन्झाइम) जपानमधील सुमारे 40 टक्के लोकांमध्ये दुबळे असते, त्यामुळे एका पेल्यातच त्यांचा चेहरा लाल होतो. साहजिकच परदेशी माणसाला मद्य सोसते असा तिथे सार्वत्रिक समज आहे, आणि आमचे हे निर्व्यसनी गृहस्थ वर्षभर पेला झाकून बसत राहिले. यावरचा उपाय तिथल्या रीतीतच आहे. बसताक्षणी ‘तोरिआएझु बीरु’, म्हणजे ‘तूर्त बिअर’, असा पुकारा होतो. त्याच वेळी स्वच्छ आवाजात आपले पेय सांगावे. ज्यांना मद्य नको त्यांनी ऊलाँग चहा मागावा. त्याचे कोणालाही नवल वाटत नाही.

आणि तुम्ही शाकाहारी आहात हे सर्वांना ठाऊक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मांस-मासळीचा तुकडा दिसत नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असे बहुतेकांना प्रामाणिकपणे वाटते. परंतु मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा या सर्वांच्या मुळाशी जो ‘दाशी’ असतो, तो बहुधा कात्सुओबुशी या वाळवलेल्या माशाच्या किसापासून काढतात. (कोकणातील वाचकांना त्या वासाने सुकटीची आठवण होईल.) नात्तोसोबतच्या पुडीतही बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. ‘दाशी कोंबुचा आहे का?’ असे विचारण्याची सवय करा. कोंबु हे समुद्रशैवाल आहे. आम्लपित्ताचेही तसेच स्पष्ट सांगावे. ज्या चुकीने पोटात काही जाते, ती सौजन्याखातर सोसू नये.

प्रश्न : पतीचे जपानी सहकारी प्रथमच आमच्या घरी जेवायला येत आहेत. तिखट अजिबात घालू नये, असे सर्वजण सांगतात. त्यांना कच्ची मासळी लागते, ती तर आम्हांला जमणार नाही. काय करावे?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : वरच्या पत्रातील सहकारी जे करतात, तेच आपणही करत आहोत, नाही का? कच्ची मासळी जपानी घरांत रोज नसते, आणि करीच्या पाकिटावर ‘कमी’, ‘मध्यम’, ‘तिखट’ असे प्रकार छापणाऱ्या देशातील माणूस आपल्याला किती तिखट चालते हे नेमके सांगू शकतो. पतींना विचारून घ्यायला सांगा. इंद्रायणीचा किंचित चिकट, मऊ भात त्यांना आपल्या भाताच्या जवळचा वाटेल. त्यावर साधे वरण व तूप आणि ठेचा बाजूला वाटीत. चहा मात्र साखर विचारून करावा, कारण घरचा हिरवा चहा ते दूध-साखरेविनाच पितात. आणि हाताने जेवायचे असल्यास संकोच करू नका, सुशीही हाताने खाण्याची रीत आहे.