आधी फोटो बघू की फिल्म?

प्रश्न: ताई, आमच्या बडोद्यात जुन्या नामवंत फोटोग्राफर्सचं प्रदर्शन लागलंय, संध्याकाळी डॉक्युमेंट्रीपण दाखवतायत. मागे एकदा अशाच प्रदर्शनात मी अर्ध्या तासात फिरून बाहेर आले, काही कळलंच नाही. आता लेकीला न्यायचंय. आधी काय बघू?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर: आधी फोटो, अगदी नक्की! फिल्म आधी पाहिली की मग भिंतीवर आपण तेच शोधत बसतो जे फिल्मवाल्यांनी सांगितलंय. आणि सगळे बघायचा हट्ट नको, पाच-सहा निवडा, त्यांच्यापुढे थांबा, उजेड कुठून येतोय, फोटो काढणारा कुठे उभा असेल, हे लेकीलाच विचारा, पोरांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

होमाई व्यारावालांचे फोटो असले तर तिथे वेळ द्याच. देशातल्या पहिल्या महिला फोटो जर्नलिस्ट, साडी नेसून तो जड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन फिरायच्या, फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की बदलायचा, म्हणजे बटण दाबायच्या आधी किती विचार करावा लागत असेल बघा. २०११ ला पद्मविभूषण मिळालं, २०१२ ला आपल्या बडोद्यातच गेल्या, आणि आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. चित्रकार-फोटोग्राफर ज्योती भट्ट तर आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सचेच, गावोगाव फिरून रांगोळ्या आणि भिंतींवरची चित्रं टिपली त्यांनी, पुसली जाणारीच कला ना ती.

मग फिल्म बघा, आणि गॅलरी उघडी असेल तर परत दहा मिनिटं आत जा, तेच फोटो वेगळे दिसतील.