जळगावच्या बियाण्याला जांभळी वांगी

प्रश्न: मावशी, आम्ही नाशिकला असतो. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, बँकेत कॅशियर होते. निवृत्त झाल्यापासून गच्चीवर भाज्या लावतात. मूळ गाव भुसावळकडचं, म्हणून भरताच्या हिरव्या वांग्यांचं बी खास बामणोदहून आणलं. झाडं कमरेएवढी झाली, पण वांगं एक नाही. अण्णा खट्टू झाले, तेव्हा माझ्या नवऱ्याने मंडईतून अर्धा किलो काटेरी वांगी आणून गुपचूप त्यांच्या परडीत ठेवली. आता रविवारी अण्णांनी सोसायटीला गच्चीवर बोलावलंय. वांग्यांवर बोलणार आहेत, बीही वाटणार आहेत. त्यात घरच्या बियांचा दुधी कडूजहर निघालाय, तर ‘कडू ते औषधी’ म्हणत उद्यापासून त्याचा रस घेणार म्हणतात. गणपतीत आमचं फदफदं खाऊन पाहुण्यांचे घसे खवखवले, ते वेगळंच. खरं सांगू की गप्प बसू?
— कात्रीत सापडलेली सून

अगं सूनबाई, वांग्यांचं निवांत बोलू. दुधी मात्र आत्ताच्या आत्ता उचल आणि फेकून दे. यात सासरे-सून, मानपान काही बघायचं नाही. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते शिजवून जात नाही, साखर-मीठ घालून तर मुळीच नाही. उलट्या, जुलाब, कधी रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली, इथवर मजल जाते आणि त्यावर उतारा म्हणून औषध नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही हेच सांगितलंय: आधी एक फोड चाखा, कडू लागली तर थुंका आणि रसाच्या वाटेला जाऊ नका. कुणी चुकून प्यायलं आणि मळमळायला लागलं तर घरगुती काढे करत न बसता थेट दवाखाना गाठा. अण्णा कारल्याचा दाखला देतील. त्यांना सांग, कारलं कडूच असायचं, दुधी कडू असायचा नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांचे भोपळेही कडूच असतात, म्हणून कुणी ते भाजीला आणत नाही. आणि त्या वेलाचं बी पुन्हा धरू नका.

फदफद्याचं थोडक्यात. कुंडीतलं दिसायला सुंदर अळू शोभेचं असेल, ते खायचं नाही. भाजीच्या अळूलाही थोडी खाज असतेच, ती चिंच किंवा आमसूल सढळ घातलं की मरते. पाहुण्यांना पुढच्या वर्षी बटाट्याची भाजी कर, विश्वास परत यायला वेळ लागतो.

आता वांगी. बाई गं, तू एवढं सविस्तर लिहिलंस आणि मुद्द्याची गोष्ट तुझ्याच नजरेतून सुटली. बी हिरव्या वांग्यांचं, परडीत आली जांभळी, काटेरी! जो माणूस जन्मभर नोटा मोजत बसला, बोटाला लागताच खोटी नोट बाजूला काढत होता, त्याला स्वतःच्या गावचं वांगं ओळखता येणार नाही? खानदेशातल्या माणसाला? अण्णांना पहिल्याच दिवशी कळलंय. लेकाने आपल्यासाठी केलेली लबाडी त्यांना इतकी गोड लागली की ते बोलले नाहीत, एवढंच. रविवारचा घाटही मला संशयास्पद वाटतो. लेक कबूल कधी होतो, याची म्हातारा मजेत वाट बघत असणार.

तेव्हा तू मध्ये पडू नकोस. हे बापलेकाचं आहे. नवऱ्याला शनिवारी संध्याकाळी चहा घेऊन एकट्याला गच्चीवर पाठव. ‘अण्णा, ती वांगी मंडईतली,’ एवढंच त्याने म्हणायचं. चार लोकांत मात्र या विषयावर अवाक्षर नको.

झाडांना वांगी का नाहीत, तेही बहुधा घरातच सापडेल. कुंडीला पाणी कोण कोण घालतं, बघ. माझा अंदाज, सकाळी अण्णा, दुपारी तांदळाचं धुवण घेऊन सासूबाई आणि संध्याकाळी पाइप घेऊन नातवंडं. वर शेणखत आणि जीवामृताचा मारा. मग झाड पानांनीच माजतं आणि फुलं गळतात. पाणी एकानेच घालायचं, तेही मातीत बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच. खत महिनाभर बंद. सकाळी फुलांच्या देठाला टिचकी मारायची, पराग झडून फळ धरायला मदत होते. गच्चीवर मधमाश्या कमी फिरकत असतील तर हे काम नातवंडांना द्या, आनंदाने करतील.

रविवारचं भाषण रद्द करू नका. ‘गच्चीवर वांगी का लागत नाहीत’ हा विषय जास्त चालेल, कारण अर्ध्या सोसायटीची तीच तक्रार असणार. फक्त बी वाटू देऊ नकोस. मंडईतल्या कोवळ्या वांग्यांचं बी उगवत नाही. बियाण्याचं वांगं झाडावरच पिवळं पडेपर्यंत ठेवावं लागतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ते पेरलं, तर पुढच्या महिन्यात त्यांचं पत्र मला येईल.