झोळीखालची रजई

प्रश्न : डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी हॅमॉकमध्ये (दोन झाडांना टांगलेल्या झोळीत) झोपलो असता, जाड स्लीपिंग बॅग असूनही पाठ गारठली. खालून लावायची रजई घरी शिवता येईल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : अवश्य. अंगाच्या भाराने पाठीखालचे भरण चेपते, त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि ऊब टिकत नाही. म्हणून ही रजई झोळीच्या बाहेरून, खाली टांगायची असते. रिपस्टॉप नायलॉनच्या (फाट पसरू न देणाऱ्या चौकटी विणीच्या कापडाच्या) दोन थरांमध्ये पॉलिस्टरचे भरण घालून कडा शिवाव्यात, मात्र गोधडीसारखे दाट धावदोरे घालू नयेत (हात शिवशिवले तरी!), कारण प्रत्येक टाक्यापाशी भरण दबते. दोन्ही टोकांना नेफा करून इलॅस्टिकची दोरी ओवावी आणि रजई पाठीला जेमतेम टेकेल इतकीच ताणावी. फट राहिल्यास वारा शिरतो.