शाळा तपासणीमुळे शिक्षणाचा दर्जा खरोखर सुधारतो का?

तुम्ही लिहिलं आहे की नागपुरात तुमच्या मुलीच्या मनपा शाळेत तपासणी येणार म्हणून आठवडाभर रंगरंगोटी चालली, साहेब येऊन गेले आणि सगळं पूर्ववत झालं. मग या तपासण्यांनी शिकवणं सुधारतं तरी का? माझं उत्तर : सुधारतं, पण तपासणारा माणूस वर्गात मुलांजवळ बसला आणि काही आठवड्यांनी पुन्हा त्याच वर्गात आला, तरच. मी नागपूर जिल्हा परिषदेत आधी शिक्षक होतो, पुढे रामटेक-पारशिवनीकडे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाला (केंद्राला) भेटी देऊन मार्गदर्शन करणारा. त्या अनुभवावरून लिहितो आहे.

आपल्याकडची तपासणी बहुतेक कागदांची असते. हजेरीपट, टाचणवही (शिक्षकाच्या पाठांच्या नियोजनाची वही), दाखलखारीज (मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंद), पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या सरकारी नोंदणीत भरलेले शाळेचे आकडे. हे पाहायलाच हवं. तांदळाचा हिशेब कोणी मागितला नाही तर तो मुलांच्या ताटात पोहोचेलच असं नाही. पण सगळी दप्तरं चोख असलेल्या शाळेत तिसरीच्या मुलाला वाचता येतं का, हे त्या दप्तरांतून कळत नाही.

त्यासाठी मूल शेजारी बसवावं लागतं. पुस्तकातला धडा मुलांना पाठ असतो, ती घडाघडा म्हणून दाखवतात. त्याच मुलापुढे त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवा, ते कुठल्या जोडाक्षराशी अडतं ते लगेच दिसेल. ५२ मधून २७ वजा करायला सांगा. पुष्कळ मुलं ३५ म्हणतात, कारण त्यांनी सातातून दोन वजा केलेले असतात. एकाच मुलाचं असं होत असेल तर त्या मुलाला वेळ द्यायचा. अर्ध्या वर्गाचं होत असेल तर दशक सोडवणं नीट शिकवून झालेलं नाही. मग मधल्या सुट्टीत बाईंशी बोलायचं, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे घेऊन तोच भाग दोघांनी मिळून वर्गात घ्यायचा. चारचौघांत, मुलांसमोर शिक्षकाला बोलणं मला कधीच पटलं नाही. त्यानंतर तो शिक्षक आपली अडचण कोणाला सांगत नाही.

शेरेबुकात, म्हणजे तपासणारा आपले शेरे लिहितो त्या शाळेतल्या वहीत, ‘अध्यापन समाधानकारक’ असं लिहून कोणाचंही भलं होत नाही. मी लिहीत असे : ‘इयत्ता तिसरी, हातच्याची वजाबाकी गठ्ठ्यांसह पुन्हा घ्यावी, पुढच्या भेटीत हाच भाग पाहीन.’ पुढची भेट त्याच ओळीपासून सुरू व्हायची. बदली होऊन नवे गुरुजी आले तरी वर्ग कुठे अडला आहे ते त्यांना तिथेच वाचायला मिळायचं.

संशोधनही याच दिशेनं बोट दाखवतं. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत पाहिलं, तर शिक्षकांची गैरहजेरी २००३ मध्ये २६.३ टक्के आणि २०१० मध्ये २३.६ टक्के होती. जिथे तपासणीच्या भेटी वाढल्या तिथे ती कमी झालेली दिसली. मात्र मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात शाळांच्या मूल्यांकनाचा मोठा प्रयोग अभ्यासला, तेव्हा वेगळंच दिसलं. शाळांना श्रेणी मिळाली, सुधारणेचे आराखडे तयार झाले, आणि शिकवण्यात किंवा मुलांच्या शिकण्यात काहीही फरक पडला नाही. तरीही त्याच धर्तीचा कार्यक्रम ‘शाळासिद्धी’ म्हणून देशभर गेला. मला याचं फार वाईट वाटतं. तो आराखडा भरण्यात मुख्याध्यापकांचे जे तास गेले, ते वर्गाचे तास होते.

आणि माणसं? केंद्रप्रमुखांची पदं १९९४ मध्ये निर्माण झाली ती शाळांना जवळून मदत मिळावी म्हणून. त्यांतली पुष्कळ वर्षानुवर्षं रिकामी राहिली. एकाच माणसाकडे दोन-तीन केंद्रं, त्यात रोजची ऑनलाइन माहिती आणि बैठका. वर्गात बसायला तो वेळ कुठून काढणार?

तुम्ही स्वतः एक करू शकता. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं हे समितीचंच काम आहे. पुढच्या बैठकीत शेरेबुक वाचायला मागा. मुलीच्या वर्गाबद्दल त्यात नेमकं काय लिहिलंय, त्यावर शाळेनं काय केलं आणि ते पाहायला कोण, कधी येणार, हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला लावा.