ड्रॉ झाला म्हणजे सेटिंग होती का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी अमळनेरचा. पोराने मला 2018 ची लंडनची बुद्धिबळाची वर्ल्ड चॅम्पियनशिप दाखवली, कार्लसन विरुद्ध कारुआना, बाराचे बारा डाव ड्रॉ! आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणून राहिले की भो ही तर सेटिंग आहे. शेवटच्या डावात तर कार्लसनचंच पारडं जड होतं, तरी यानेच ड्रॉ मागितला. खरं काय ते सांगा.

उत्तर : सेटिंग नाही हो भाऊ. पहिला डावच 115 चालींचा झाला, सात तास चालला, कार्लसन जिंकायला पाहत होता आणि कारुआना कसाबसा वाचला. सेटिंगवाले एवढा वेळ बसतात होय?

सहावा डाव पोराला परत लावायला सांगा. कारुआना काळ्याकडून खेळत होता, एक मोहरा जास्त, आणि कार्लसन नुसता तटबंदी करून बसलेला. तेव्हा सेसे नावाच्या सुपरकॉम्प्युटरने 68व्या चालीपासून काळ्याचा विजय दाखवला, पण त्यासाठी घोडा मुद्दाम पार पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत, स्वतःच अडकेल असा नेऊन ठेवायचा होता! अशी चाल माणसाला सुचतच नाही हो, डोकं आधीच म्हणतं की घोडा वाया गेला. 80 चालींनी ड्रॉ.

आता बारावा. कार्लसनची पोझिशन चांगली, घड्याळात वेळही जास्त, तरी 31व्या चालीवर हात पुढे केला. मलापण हे आवडलं नाही, वर्ल्ड चॅम्पियनने अजून थोडं खेळायला हवं होतं असं माझं मत. पण त्याचा हिशोब सरळ होता, सामना बरोबरीत सुटून टायब्रेकला (निकालासाठीच्या जादा डावांना) गेला की रॅपिड, म्हणजे कमी वेळाचे डाव, आणि रॅपिडमध्ये तो कारुआनापेक्षा कितीतरी भारी. दोन दिवसांनी 3-0 ने धुतलंच की.

आणि पोरगा स्पर्धा खेळत असेल तर एवढं त्याला सांगून ठेवा : ड्रॉ मागायचा तर आधी चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. तीच पोझिशन तिसऱ्यांदा स्वतःच्या चालीने येणार असेल आणि त्यावरून ड्रॉचा क्लेम करायचा असेल तर मात्र चाल करायची नाही, फक्त स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) लिहून आर्बिटरला, म्हणजे पंचाला, बोलवायचं. मोहऱ्याला हात लावला की क्लेम गेला.