पण त्या गात होत्या ना

प्रिय चिऊ,

मंगळवारी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमधून, शास्त्रीय गाण्याच्या मैफलीहून निघून आपण वॉटर्लूला ट्रेनमध्ये बसलो आणि तू विचारलंस, "आई, गाणं चालू असताना तू मध्येच आवाज का केलास?" मी म्हटलं, "दाद देत होते गं." तू समोरच्या काचेत बघत म्हणालीस, "पण त्या गात होत्या ना." वेम्बली पार्क येईपर्यंत दोघी गप्प. सकाळी शाळा होती, म्हणून मीही विषय वाढवला नाही. आता लिहिते आहे. अडलं तर बाबाला विचार.

मी तुझ्याहून लहान होते तेव्हा आप्पाआजोबा मला सवाईला न्यायचे. भीमसेनजींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव. आमच्या वेळी तो पुण्यात रमणबागेच्या मैदानावर, डिसेंबरच्या थंडीत रात्रभर चालायचा. सतरंजी, माईआजीची जाड शाल, थर्मासमध्ये कॉफी. मी अर्धी रात्र झोपलेलीच असायचे. पहाटे आप्पा हलवून उठवायचे, कारण शेवटी भीमसेनजी गाणार असायचे, आणि मैफल संपते ती भैरवी रागानं. भैरवी म्हटली की मला अजून ती शाल आणि गार पडलेली कॉफी आठवते. परवा गाणाऱ्या बाईंनी रात्री पावणेदहालाच भैरवी घेतली, तेव्हा मी जरा हललेच. पुण्यातही आता ते तसं राहिलेलं नाही म्हणा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्रभराच्या बैठका थांबल्या.

आप्पांना गाता येत नव्हतं. ते माझा हात हातात घ्यायचे आणि अंगठ्यानं माझी पेरं मोजायचे. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, झाल्या बारा मात्रा. एकताल! विलंबित, म्हणजे संथ असला तर एक आवर्तन, बारा मात्रांचा एक फेरा, कधी कधी मिनिटभर चालतं. गाणारा मधे कुठल्या कुठे जाऊन येतो, आणि आप्पांचा अंगठा मात्र शांतपणे पुढच्या पेरावर. शेवटच्या बोटावर आले की हात थोडा घट्ट व्हायचा. मग मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ यायची आणि करंगळीच्या पहिल्या पेरावर सम, आवर्तनाची पहिली मात्रा! आप्पांच्या तोंडून "वा!" निघायचं आणि शेजारच्या अनोळखी काकांचा हातही त्याच क्षणी खाली यायचा. मला रागाचं नावसुद्धा माहीत नसायचं, पण आपण सगळे एकदम घरी पोचलो एवढं कळायचं.

परवा यमन रागात माझं तेच झालं. पण पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघत होत्या, ते मलाही दिसलं. तुला लाज वाटली असेल तर ते मला कळतं. तू चेलो शिकतेस. दोन भागांच्या मधेही टाळी वाजवायची नाही, हे तूच मला शिकवलंस. गप्प राहून ऐकणं हाही मानच आहे. आप्पाही उगाच दाद देणाऱ्यांवर चिडायचे. "आधी ऐकू दे की," म्हणायचे. परवाची माझी प्रत्येक दाद समेवरचीच होती का? पहिली नक्की होती. नंतरच्या एक-दोन सवयीनं निघाल्या असतील, तुला खोटं कशाला सांगू?

पण गाणाऱ्या बाईंना त्रास झाला नाही, चिऊ. पहिल्या "वा"ला त्यांनी आपल्या बाजूला बघून मान हलवली होती. तू तेव्हा कार्यक्रमपत्रिका वाचत होतीस.

पुढच्या वेळी यायचं नसेल तर नको येऊस. आठवड्यामधली रात्र, गृहपाठ, सगळं मला दिसतं. मी एकटी जाईन. तुझ्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला मी अगदी गप्प बसेन, हे नक्की.

फक्त एक सांगशील? तुम्ही सगळे मिळून वाजवताना कधी तरी अगदी एकदम, नेमके एकत्र येता, तेव्हा तुला काय होतं? आणि तू ते कुठे ठेवतेस?

तुझी,
आई